धूळ ओढणारी हवा मोजायची कशी? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

घरच्या सुतारकामाच्या जागेत डस्ट कलेक्टर बसवलेल्या वाचकांचे हे प्रश्न आहेत. उत्तरांत दाब पाण्याच्या मिलिमीटरमध्ये दिला आहे (१ मिमी म्हणजे ९.८१ पास्कल). हवा घनमीटर प्रति तासात मोजली आहे. १ सीएफएम (घनफूट प्रति मिनिट) म्हणजे १.७ घनमीटर प्रति तास.

प्रश्न : माझ्या ब्लोअरच्या (डस्ट कलेक्टरच्या पंख्याच्या) पाटीवर १२०० सीएफएम लिहिलं आहे. थिकनेसरला (फळीची जाडी काढणाऱ्या यंत्राला) जाणाऱ्या ४ इंची होजच्या तोंडाशी पंख्याचा ॲनिमोमीटर (हवेचा वेग मोजणारा मीटर) धरला, तर हिशेब जेमतेम ४०० येतो. ब्लोअर सदोष आहे की मीटर?

बहुधा दोन्ही ठीक आहेत. पाटीवरचा आकडा सहसा ब्लोअरचं तोंड मोकळं ठेवून, पाइप आणि फिल्टर न लावता काढलेला असतो. ४ इंची पाइपातून तेवढी हवा जाणं शक्य आहे का, हे कागदावरच तपासता येतं. १०० मिमी व्यासाच्या पाइपाचं क्षेत्रफळ ०.००७८५ चौरस मीटर भरतं. १२०० सीएफएम म्हणजे सेकंदाला ०.५६६ घनमीटर. एवढी हवा त्यातून जायची तर वेग सेकंदाला ७२ मीटर लागेल आणि हवेला नुसता तो वेग द्यायलाच सुमारे ३१८ मिमी दाब खर्ची पडेल. घर्षण आणि फिल्टर यांचा वाटा वेगळाच. घरगुती डस्ट कलेक्टर तोंड पूर्ण बंद केल्यावरसुद्धा साधारण २००-२५० मिमीच ओढतात. तेव्हा ४ इंची पाइपावर १२०० हा आकडा कधीच दिसणार नाही.

तुमचे ४०० मात्र शक्य कोटीतले आहेत. त्याला वेग २४ मीटर आणि वेगदाब (हवेला तो वेग द्यायला लागणारा दाब) ३५ मिमी लागतो. तरीही या आकड्यावर फार विसंबू नका. मीटरच्या डोक्याचा व्यास ७० मिमी असेल, तर १०० मिमीच्या तोंडाचं जवळजवळ अर्धं क्षेत्रफळ त्यानेच अडतं. मापनाने प्रवाहच बदलतो. शिवाय तोंडापाशी वेग सगळीकडे सारखा नसतो, मध्ये एक आणि काठाला दुसरा. पंख्याचा मीटर वापरायचाच असेल, तर ३०० मिमी तोंडाचं मोठं नरसाळं लावा, त्याच्या तोंडावर मीटर सावकाश सगळीकडे फिरवा आणि सरासरी घ्या. तिथे वेग अडीच-तीन मीटरवर येतो आणि मीटरच्या अडथळ्याचा परिणाम नगण्य राहतो.

६ इंची पाइप टाकण्याचा मोह होईल. क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, हे खरं. पण लाकडाचा भुसा आणि रंध्याचे छिलके पाइपात तरंगत वाहून न्यायला सेकंदाला १८ ते २० मीटर वेग लागतो. १०० मिमीत त्यासाठी ५६५ घनमीटर प्रति तास पुरतात, १५० मिमीत १२७० लागतात. तेच ५६५ जर ६ इंची पाइपात सोडले, तर वेग ९ मीटरवर येईल आणि आडव्या पाइपाच्या तळाशी भुसा साचू लागेल. म्हणून आधी मोजा, मग पाइप बदला. दोन यंत्रांमधला सामाईक पाइप मोठा करायचा असेल, तर एकाच वेळी एकच ब्लास्ट गेट (पाइपातली हवा बंद करणारी सरकती झडप) उघडं असताना त्यात किती वेग राहतो तेही बघा.

प्रश्न : महागडी उपकरणं न घेता घरच्या घरी खात्रीचं माप मिळेल का? पाण्याच्या नळीने मोजतात असं ऐकलं आहे.

मिळेल, आणि ही पद्धत पंख्याच्या स्वस्त मीटरपेक्षा जास्त भरवशाची आहे. दोन वस्तू लागतात : पाण्याचा यू-आकाराचा मॅनोमीटर (दाब मोजणारी नळी) आणि एक चाचणी पाइप.

मॅनोमीटरसाठी ६ ते ८ मिमी आतल्या व्यासाची पारदर्शक नळी दीड मीटर घ्या, यू आकारात फळीवर बसवा आणि मागे मिलिमीटरची पट्टी चिकटवा. दोन्ही भुजा निदान ३५० मिमी उंच असू द्या. ब्लास्ट गेट चुकून बंद झालं तर ओढ २००-२५० मिमीपर्यंत जाते आणि आखूड नळीतलं पाणी थेट पाइपात खेचलं जातं. पाण्यात खाण्याचा रंग आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. साबणामुळे पाणी नळीच्या भिंतीला अडकून बसत नाही. वाचन म्हणजे दोन भुजांतल्या पातळ्यांमधला फरक. एका भुजेत पाणी किती सरकलं तेवढंच वाचलं तर दाब निम्मा येतो. ही चूक इतकी सर्रास होते की पट्टीवरच तसं लिहून ठेवावं.

चाचणी पाइप गुळगुळीत, सरळ आणि कडक हवा. होजचा तुकडा चालणार नाही. १५० मिमी पाइप असेल तर लांबी किमान एक मीटर ठेवा. एक टोक काटकोनात, धारदार कडेचं कापा. कड गोलसर घासली तर खालचा गुणक लागू राहत नाही. तोंडापासून पाइपाच्या तीन व्यासांवर, म्हणजे १५० मिमी पाइपात ४५० मिमीवर, पाइपाच्या भिंतीत २ मिमीचं भोक पाडा आणि आतल्या बाजूचा भुरा (भोक पाडताना कडेला राहणारे खरखरीत कंगोरे) पूर्ण काढा. भोकाशेजारी उरलेला चिमूटभर भुराही वाचन काही मिलिमीटरने चुकवतो आणि बिघाड दिसत नाही म्हणून माणूस दिवसभर गळत्या शोधत बसतो. भोकावर बाहेरून छोटी नळी चिकटवा. तिचं टोक आत डोकावता कामा नये. ती मॅनोमीटरच्या एका भुजेला जोडा आणि दुसरी भुजा खोलीत मोकळी ठेवा.

आता पाइपाचं दुसरं टोक होजला जिथे यंत्र जोडता तिथे जोडा, बाकी सगळी गेट बंद करा आणि ब्लोअर चालू करा. तोंडासमोर दोन व्यासांपर्यंत भिंत, टेबल किंवा जमीन नको. मग वेग असा काढा :

वेग (मीटर प्रति सेकंद) = ४.०४ × गुणक × वाचनाचं (मिमी) वर्गमूळ

नुसत्या कापलेल्या तोंडाचा गुणक ०.७२ आहे. तोंडाभोवती रुंद सपाट कॉलर बसवली तर तो ०.८२ होतो. गुणक एकच धरा आणि तोंड कधीही बदलू नका.

समजा १५० मिमी पाइपात वाचन ३२ मिमी आलं. वर्गमूळ ५.६६. त्याला ४.०४ आणि ०.७२ ने गुणलं की वेग १६.५ मीटर. क्षेत्रफळ ०.०१७६७ चौरस मीटर, म्हणजे सेकंदाला ०.२९ घनमीटर. तासाला सुमारे १०५० घनमीटर, किंवा ६१६ सीएफएम. २० मीटर वेगाला याच पाइपात ४७ मिमी वाचन यायला हवं, म्हणजे या यंत्रणेत थोडी ओढ कमी पडते आहे.

ही पद्धत इतकी निभावून नेते याचं कारण वर्गमुळात आहे. दाब १० टक्के चुकला तरी प्रवाह ५ टक्केच चुकतो. उलट पाइपाच्या व्यासात चूक झाली तर ती दुप्पट होते : व्यास ३ टक्के चुकला की क्षेत्रफळ ६ टक्के. बाजारात पाइपावर छापलेला व्यास अनेकदा बाहेरचा असतो. आतला व्यास कॅलिपरने दोन ठिकाणी, काटकोनात मोजा.

पाणी हलत राहिलं तर मॅनोमीटरकडे जाणारी नळी थोडी दाबून अरुंद करा, पातळी स्थिर होईल. वाचन १० मिमीच्या आत असेल, तर नळी तिरकी बसवा. उंचीच्या पाचपट लांब ठेवली की १ मिमी पातळी ५ मिमी दिसते, मात्र फळी अचूक समतल हवी.

सूत्रातला ४.०४ हा आकडा १.२ किलो प्रति घनमीटर घनतेच्या हवेसाठी आहे, म्हणजे समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअस. ३५ अंशाला खरा वेग अडीच टक्के जास्त असतो. १५०० मीटर उंचीवर साधारण ९ टक्के जास्त. तापमानाची दुरुस्ती घरगुती कामात सोडून दिली तरी चालेल, उंचीची करावी.

प्रश्न : यंत्र जोडलेलं असताना किती हवा जाते ते जास्त महत्त्वाचं नाही का? चाचणी पाइप तर यंत्र काढून लावावा लागतो.

बरोबर हेरलंत. वरची पद्धत होजच्या टोकापर्यंतची क्षमता दाखवते. टेबल सॉचं बंद कॅबिनेट किंवा थिकनेसरचं अरुंद हुड (धूळ पकडणारं तोंड) जोडलं की हवा आणखी घटते. भिंतीतल्या भोकातून घेतलेला दाब तेव्हा प्रवाह सांगत नाही, कारण हुडाचा गुणक माहीत नसतो. तिथे पिटो ट्यूब (समोरून येणाऱ्या हवेचा दाब आणि बाजूचा दाब वेगवेगळा घेणारी बारीक नळी) लागते.

पिटो ट्यूबच्या दोन नळ्या मॅनोमीटरच्या दोन भुजांना जोडल्या की फरक म्हणजे थेट वेगदाब. मग वेग = ४.०४ × वर्गमूळ, गुणक नको. ट्यूबचं टोक हवेच्या विरुद्ध दिशेला रोखलेलं हवं. दहाएक अंशांपर्यंत वाकडं झालं तरी फारसं बिघडत नाही. १०० मिमी पाइपासाठी ३ मिमीची बारीक ट्यूब घ्या. ८ मिमीची जाड ट्यूब अर्ध्यापर्यंत घातली तर ती स्वतःच पाइपाचं ५ टक्के क्षेत्रफळ खाते.

जागेची निवड सगळ्यात मोलाची. एल्बो, वाय जोड किंवा गेट यांच्यानंतर निदान साडेसात व्यास सरळ पाइप हवा आणि पुढच्या वळणाआधी तीन व्यास. १५० मिमीला म्हणजे जवळजवळ दीड मीटरचा सरळ पट्टा. घरात तो सहज सापडत नाही, पण ब्लोअरच्या तोंडाजवळ मोजण्याची पळवाट शोधू नका. तिथे हवा गिरक्या घेत असते आणि वाचनाला अर्थ राहत नाही.

एका व्यासावर सहा बिंदू घ्या, मग काटकोनात दुसऱ्या व्यासावर सहा. भिंतीपासून अंतर व्यासाच्या ४.४, १४.६, २९.६, ७०.४, ८५.४ आणि ९५.६ टक्के. १५० मिमी पाइपात हे ६.५, २२, ४४.५, १०५.५, १२८ आणि १४३.५ मिमी होतं. ट्यूबवर आधीच चिकटपट्टीच्या खुणा करा. या अंतरांनी पाइपाचे समान क्षेत्रफळाचे भाग पडतात. म्हणून साधी सरासरी पुरते, पण सरासरी वेगांची घ्या, दाबांची नाही. १६ आणि ३६ मिमीची वर्गमुळं ४ आणि ६, सरासरी ५. दाबांची सरासरी २६, तिचं वर्गमूळ ५.१. वाचनांत जितकी तफावत जास्त, तितकी ही चूक वाढते आणि नेहमी हवा जास्त दाखवते. भिंतीजवळ एखादं वाचन उणे आलं तर जागाच चुकीची आहे, सरासरी काढत बसू नका.

फक्त मधलं वाचन घेऊन भागवायचं असेल, तर सरासरी वेग मधल्या वेगाच्या ०.८२ ते ०.९ पट धरा. सरळ पट्टा आखूड असेल तर हाही अंदाज कोलमडतो.

भुसा वाहत असताना पिटो घालू नका, भोकं बुजतात. यंत्र जोडलेलं ठेवा, पण लाकूड न घालता मोजा. तापलेल्या तारेचा ॲनिमोमीटरही याच बिंदूंवर वापरता येतो, मात्र त्याच्या तारेवर धूळ बसली की तो हळूहळू कमी दाखवू लागतो. मापन झाल्यावर भोकं रबरी बुचाने किंवा धातूच्या टेपने बंद करा.

प्रश्न : ब्लोअर तीन फेज मोटरचा आहे. जागा बदलून पुन्हा जोडल्यावर ओढ फार कमी झाली, पण हवा आतच ओढते आहे.

फेज उलटे जोडले गेले आहेत, हे पहिल्यांदा तपासा. सेंट्रिफ्यूगल पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेला जाते, फक्त खूप कमी. त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. मोटर बंद करताना थांबता थांबता पंखा कुठल्या दिशेला फिरतो ते आवरणावरच्या बाणाशी ताडून पाहा. कोणत्याही दोन फेजची अदलाबदल इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

प्रश्न : सुरुवातीला चांगली ओढ होती, आता घटली आहे. गळती आहे की फिल्टर तुंबलंय, हे कसं ओळखायचं? मोटरचा करंट मोजून कळेल का?

सगळ्यात आधी यंत्रणा नवी असतानाचं एक वाचन हवं. ते नसेल, तर फिल्टर साफ करून आजचं वाचन लिहून ठेवा.

गळतीसाठी एक सोपी परीक्षा आहे. सगळी गेट बंद करा. हवा वाहत नसेल तर घर्षणही नाही, म्हणून ब्लोअरच्या तोंडाशी आणि सर्वात लांबच्या टोकाशी मॅनोमीटरचं वाचन सारखं यायला हवं. लांबच्या टोकाला ते ठळक कमी असेल, तर मधे कुठेतरी हवा आत शिरते आहे. मग पातळ टिश्यू पेपरची पट्टी प्रत्येक जोडाजवळून फिरवा. ब्लास्ट गेटची सरकती फट आणि सायक्लोनच्या (हवा फिरवून भुसा खाली पाडणाऱ्या भांड्याच्या) तळाच्या डब्याचं झाकण या दोन जागा आधी बघा. डब्याच्या झाकणातून थोडी हवा शिरली तरी सायक्लोनची भुसा वेगळा करण्याची ताकद जाते आणि बारीक धूळ फिल्टरवर जाऊन बसते. धूर पाहण्यासाठी जळती कांडी मात्र वापरू नका. ठिणगी ओढली गेली तर ती थेट कोरड्या भुशाच्या पिशवीत पोचते.

फिल्टरसाठी ब्लोअर आणि फिल्टर यांच्या मधल्या भागात भोक पाडून खोलीच्या तुलनेत दाब मोजा. नुसता हा दाब फसवतो, कारण फिल्टर तुंबलं की प्रवाह घटतो आणि दाब फारसा वाढत नाही. म्हणून दाब भागिले प्रवाह हा आकडा ठेवा. स्वच्छ फिल्टरवर १००० घनमीटरला २० मिमी, म्हणजे ०.०२०. पुढे ८०० घनमीटरला ३६ मिमी आला, तर ०.०४५. अडथळा सव्वादोन पट झाला आहे, आता साफ करा. कापडी पिशवी मात्र चकचकीत करू नका. तिच्यावरचा धुळीचा पातळ थरच बारीक कण अडवतो. घड्यांचं फिल्टर बाहेरून आत अशा दिशेने, उघड्यावर आणि मास्क लावून हवा मारून साफ करा.

करंटबद्दल लोकांचा समज उलटा असतो. सेंट्रिफ्यूगल ब्लोअरमध्ये पाइप तुंबला की करंट कमी होतो, कारण मोटरला कमी हवा ढकलावी लागते. क्लॅम्प मीटरने एकाच तारेभोवती करंट मोजा, संपूर्ण केबलभोवती नाही. संपूर्ण केबलवर शून्य दिसतं. सिंगल फेज मोटर रिकामी फिरतानाही बराच करंट घेते, त्यामुळे प्रवाह निम्मा झाला तरी करंट निम्मा होत नाही. काहीतरी बदललंय एवढंच यातून कळतं, घनमीटर कळत नाहीत. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा : ब्लोअर पाइप आणि फिल्टरशिवाय मोकळा चालवला तर करंट सर्वाधिक असतो आणि मोटर तापून जळू शकते. पाटीवरचा सीएफएम खरा करून पाहण्यासाठी असा प्रयोग करू नका.

प्रश्न : बँडसॉला ४ इंची पाइपात ६०० घनमीटर मिळतात, वेग २१ मीटर. तरी टेबलावर आणि हवेत धूळ राहते. आता काय मोजायचं?

पाइपातला वेग धूळ वाहून नेण्यासाठी असतो. धूळ पकडायची ती पाइपाच्या तोंडापाशी, आणि तिथे ओढ विलक्षण झपाट्याने मरते. मोकळ्या तोंडासमोर एका व्यासाच्या अंतरावर वेग तोंडातल्या वेगाच्या ७ टक्के उरतो. म्हणजे पातीपासून १०० मिमी दूर ठेवलेल्या नळीत २१ मीटर असले तरी पातीपाशी फक्त दीड मीटर. धूळ त्याहून वेगाने फेकली जाते. ब्लोअर मोठा घेण्याआधी तोंड जवळ आणा, टेबलाखाली पाती लाकडातून बाहेर पडते तिथेच दुसरं तोंड द्या, आणि खालच्या चाकाच्या कॅबिनेटला हवा आत यायला एक फट ठेवा. पूर्ण बंद डब्यातून हवा ओढता येत नाही, मग ती भलत्याच फटींतून येते आणि पातीपाशी काहीच उरत नाही.

हवेत राहणाऱ्या धुळीसाठी प्रवाहाचा आकडा पुरत नाही. लाकडाची धूळ हा माणसाला कर्करोग करणारा पदार्थ असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ च्या प्रबंधात नोंदवलं आहे, आणि डोळ्यांना न दिसणारे कण हवेत तासन्‌तास तरंगतात. पीएम २.५ दाखवणारा छोटा मीटर नाकाच्या उंचीवर ठेवा. काम सुरू करण्याआधीचं वाचन लिहा, मग लाकूड न कापता नुसता ब्लोअर दहा मिनिटं चालवा. एवढ्यानेच आकडा चढला, तर फिल्टर धूळ परत खोलीत सोडत आहे. ब्लोअरने तो स्थिर राहिला आणि कापताना चढला, तर दोष हुडाचा आहे.

फिल्टर सोडून हवा थेट घराबाहेर टाकायचा विचार असेल, तर खोलीत तेवढीच हवा आत यायची वाट आधी करा. नाहीतर ६०० घनमीटर ओढणारा ब्लोअर घरातल्या गॅस गीझरच्या किंवा चुलीच्या धुराड्यातून उलटी हवा खेचतो आणि कार्बन मोनॉक्साइड घरात येतो. सगळी दारं बंद असताना दाराच्या फटीपाशी टिश्यूची पट्टी धरा. ब्लोअर चालू होताच ती जोरात आत ओढली गेली, तर खिडकी उघडी ठेवल्याशिवाय ब्लोअर लावू नका.